काळोख धरून ये

मध्ये फिदीफिदी करणार नसाल तर सांगतो. हसायचं ते आत्ताच हसून घ्या. ही माझ्या सख्ख्या साडूची गोष्ट आहे, त्याच्याच तोंडून ऐकलेली.

साडू वायरमन. हात सोन्याचा, डोकं गरम. त्या संध्याकाळी तो डबा, टॉर्च आणि पक्कड घेऊन घरून निघाला. काम साधंच होतं. मैदानावर बसवलेले नवे दिवे रात्रभर चालवून बघायचे. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कंपनीची गिऱ्हाइकं जागा बघायला येणार होती.

मैदान म्हणजे समुद्राला लागून आहे ते, नुसतं गवत. "एवढी जागा फुकट का ठेवलीत?" असं शहाणे विचारतात. अरे, फुकट कसली? किनाऱ्यावर सगळीकडे दिवे झाले. हॉटेलं झाली, बंगले झाले. अंधार उरला तो त्या मैदानापुरता. आणि खडकांमधून आत यायची एकुलती एक वाट बरोबर त्याच्यासमोर. म्हणून रात्री येणाऱ्या होडीला आपलं एकच सांगणं असतं, काळोख धरून ये. उजेडाकडे गेलास की खडकावर आपटलास.

तिथे कंपनीला इमारती बांधायच्या होत्या. गाव कोर्टात गेलं आणि साडू गेला कंपनीच्या कामावर! मी त्याला तोंडावर शिव्या घातल्या. तो म्हणाला, "धाकट्या भावाला वॉचमनची नोकरी देतायत. पोराच्या पायाखाली जमीन येईल. तुमचं मैदान तुम्ही चाटत बसा."

त्याचंही खरं होतं. आईबाप लवकर गेले, धाकट्या भावाला त्यानेच वाढवलेलं. भाऊ होडीवर जायचा आणि वारा वाढला की हा रात्री उठून बसायचा. त्याचं काळीज त्या पोरात अडकलेलं.

मार्चमधली अमावास्या होती, मंगळवार. साडू वेडा नव्हता, आधी धक्क्यावर जाऊन चौकशी करून आला. तीनच होड्या बाहेर होत्या, भावाची त्यातलीच. तिन्ही परवा येणार होत्या. मग त्याने मेन स्विच वर केला. बारा खांब उजळले. गवताचं पातं न् पातं दिसायला लागलं.

डबा खाऊन तो मैदानावरच्या केबिनमध्ये टेकला. दोन वाजून गेले असतील. बाहेर काहीतरी बदलल्यासारखं वाटलं, म्हणून उठला.

बाराही दिवे चालू होते. पण मैदानाच्या पार कडेला माणसं उभी होती. ओळीने, खांद्याला खांदा लावून. पाठ समुद्राकडे, तोंड दिव्यांकडे. आणि त्यांच्या पलीकडे उजेड जात नव्हता.

साडूला वाटलं, गाव आलं. ओरडला, "मोर्चे दिवसा काढा! माझ्या पोटावर पाय देऊ नका!"

एकही जण हलला नाही.

तो तरातरा पुढे गेला. मग थबकला. सगळे भिजलेले. पाणी ठिबकत होतं, त्याचा आवाज नव्हता. पहिला म्हातारा त्याने ओळखला. सुताराचा बाप... साडू शाळेत होता तेव्हा बुडालेला. त्याच्या शेजारी... तोही. त्याच्या शेजारी...

टोकाला धाकटा भाऊ होता.

हायसं वाटलं रे त्याला! आधी हायसंच वाटलं.

"तू? कधी आलास?"

"आत्ताच."

"परवा येणार होतास ना?"

"दुपारी तुझा फोन आला... नोकरी पक्की झाली म्हणून. राहवेना. निघालोच. बाकीच्या दोन होड्याही मागोमाग निघाल्या."

साडू एक पाऊल पुढे सरकला.

"दादा... काळोख दिसलाच नाही रे."

...

"दिवे बंद कर. त्या दोन्ही येतायत. उजेड अडवायला आम्ही... कमी पडतोय."

साडू पळाला. स्विच पाडला. तेवढ्यावर भागेना, केबल तोडली. मग गवतात बसून राहिला. बऱ्याच वेळाने इंजिनाचा आवाज आला. एक. मग दुसरा. तिसरा आला नाही.

भावाच्या होडीवरचे बाकीचे पोहून वाचले. भाऊ सकाळी खडकापाशी सापडला.

साडूने कोर्टात उभं राहून सांगितलं, दिवे मी लावले, भाऊ मी मारला. खटला अजून चालूच आहे. कंपनीने दुसरा वायरमन आणला. दिवे रोज रात्री लागायला लागले, आजवर एकही रात्र चुकलेली नाही. होड्या खडकांबाहेर ताटकळत उजाडायची वाट बघायच्या. आणि साडू रोज रात्री त्या कडेला जाऊन उभा राहायचा, समुद्राकडे पाठ करून. वेड लागलं म्हणाले लोक. मागच्या महिन्यात तिथेच सापडला. उभ्या उभ्याच गेला असावा.

हं. आता भाचेबुवा, तुम्ही बोला. काल दुपारी बसमधून उतरलात ते थेट होडीत चढलात. आज परत आलात, धक्क्याला लागेपर्यंत उजाडलं होतं. पण त्याआधी, खडकांतून आत शिरताना, मैदानाकडे काय दिसलं?

...

काळोख? नुसता काळोख? एकही दिवा नाही?

ऊठ. ती मैदानाकडची खिडकी उघड.

...

अरे, बोल की. नीट मोजून सांग.

... बाराही चालू आहेत ना?