टेपचं दुमडलेलं टोक

कुरिअरच्या ऑफिसात धाकटी शिरली की काउंटरवरचा माणूस आधी चष्मा काढून ठेवायचा. तोंडावर काही फेकून मारलंच तर चष्मा तरी वाचावा, असा त्याचा हिशेब असावा. आजवर तिने काही फेकलं नव्हतं. पण तिच्या रागाचा काही भरवसा नव्हता, हे तिलाही मान्य होतं.

दोघी बहिणींचा धंदा होता. ताई चाकावर मातीचे, कान-चोचीचे पाण्याचे जग घडवायची, रंगवायची, भाजायची. धाकटी ते खोक्यात भरून गावोगाव पाठवायची. बबल रॅपचे वेढे, मग कागदाचे बोळे, मग खोका बंद करून कानाशी धरायचा आणि हलवायचा. आतून जरा जरी आवाज आला तरी सगळं उचकटून पुन्हा पहिल्यापासून. शिवाय टेपचं शेवटचं टोक ती आत दुमडून ठेवायची, म्हणजे उघडणाऱ्याला नखं घासत बसावं लागू नये. गिऱ्हाइकं पत्रं पाठवायची ती ताईला. काय सुंदर जग, काय निळा रंग! खोका किती छान बांधला होता, असं आजवर एकानेही लिहिलं नव्हतं. पोचला तर जग ताईचा, फुटला तर पॅकिंग धाकटीचं. हे तिला कायम सलायचं.

पहिला फुटका जग परत आला तेव्हा खोक्याचा कोपरा पार चेपलेला होता. त्या दिवशी धाकटीने काउंटरवरच्याला असं धारेवर धरलं की तो पाणी प्यायला आत गेला तो बाहेरच येईना.

दुसऱ्या वेळी मात्र खोक्याला कुठेच पोचा नव्हता. टेप शाबूत, बोळे जागच्या जागी. बबल रॅपही जसाच्या तसा, आणि त्याच्या आत जगाचे तुकडे.

"खोका नवा कोरा दिसतोय, बाई," काउंटरवरचा म्हणाला. "आमचा धक्का लागला असता तर आधी खोका बोलला असता."

"म्हणजे मी फुटका जग भरला?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"तुमचं तोंड म्हणतंय ना!"

घरी ताईनेही तेच तोंड केलं. बोलली मात्र शांतपणे. "आणखी एक फुटला ना, तर मी पॅकिंग बाहेर देणार. तू थोडी विश्रांती घे."

विश्रांती! धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या घरात ताईला तिची गरज पडायची ती याच एका कामासाठी. तेही काढून घेतलं तर ती उरणार कोण? ताईच्या घरात राहणारी बहीण.

तिसरा जग परत आला तेव्हा धाकटीने खोका हलवून पाहिला. आत अगदी चिडीचूप. तिचा जीव भांड्यात पडला. उघडला तर आत लहानलहान पुडकी होती. एक उलगडलं, त्यातून जगाचा कान निघाला. दुसऱ्यातून चोच, तिसऱ्यातून बुडाचा तुकडा. जग फोडून प्रत्येक तुकडा कुणीतरी वेगळा, जपून गुंडाळला होता.

थट्टा चालवलीय मेल्यांनी, म्हणत ती तो खोका घेऊन तडक ऑफिसात गेली.

"भांडते म्हणून माझी मस्करी करता?"

काउंटरवरचा पुडकी बघत राहिला. आज त्याने चष्मा काढला नव्हता. "बाई, आमच्याकडे पार्सलं फेकायला माणसं आहेत. गुंडाळत बसायला कोण आहे?"

"मग कुणी केलं हे? मी? थांबा, मी कशी बांधते ते दाखवते." तिने एक पुडकं सोडलं आणि तिथेच, त्याच्या नाकासमोर, तो तुकडा रागारागाने पुन्हा गुंडाळला. टेप लावली, टोक दुमडलं आणि पुडकं आपटून ठेवलं.

त्याने ते उचलून बाकीच्यांच्या शेजारी ठेवलं.

"तुम्ही डावखुऱ्या?" त्याने हळूच विचारलं.

धाकटीने पाहिलं. सगळ्या पुडक्यांचे वेढे तिच्यासारखेच उलटे होते. सगळ्यांची टोकं आत दुमडलेली. आपलं पुडकं त्यातलं कोणतं, हे तिचं तिलाच ओळखता येईना.

घरी ताईने एकेक पुडकं उचलून दुमडलेली टोकं बघितली. मग म्हणाली, "तुला माझा इतका राग येतो?"

"येतो!" धाकटी ओरडली. "पण मी फोडले नाहीत. समोर बसव मला. तू भर, तू बांध. मी हातही लावत नाही."

भर दुपारी, खिडक्या उघड्या टाकून दोघी समोरासमोर बसल्या. "हात मांड्यांखाली घे," ताई म्हणाली. धाकटीने घेतले. ताईने नवा जग गुंडाळला, खोक्यात ठेवला, वाकडीतिकडी टेप मारली, कानाशी हलवून पाहिला. आवाज नाही. खोका मधल्या टेबलावर ठेवला. तो कुठेच पाठवायचा नव्हता.

दोघी बसून राहिल्या. ताई डोळ्यांत तेल घालून बघत होती, आणि खोक्याकडे नव्हे, धाकटीकडे. चोरावर ठेवावी तशी नजर. स्वयंपाकघरात चहाचं पाणी उकळून आटलं, तरी ती उठली नाही.

धाकटीच्या अंगाचा तिळपापड होत होता. सख्खी बहीण, आणि असं बघते? फुटू दे, तिच्या मनात आलं. फुटू दे एकदाचा.

कसलाही आवाज झाला नाही.

"बस झालं," ताई म्हणाली आणि तिने कटर घेतलं.

वरची टेप तिचीच होती, तशीच वाकडी. तिने ती कापली. बोळे काढले.

आत पुडकी होती.

ताईने एक उलगडलं. जगाची चोच. टेपचं टोक आत दुमडलेलं.

"बघितलंस?" धाकटीचा आवाज विजयाने चिरकला. "मी इथून हललेय का? सांग ना!"

"नाही हललीस."

"मग पटलं?"

"पटलं." ताईचा चेहरा पांढरा पडला होता. "आता हात बाहेर काढ."

धाकटीने हात काढले.

बोटांवर बारीक बारीक चिरा होत्या. ताज्या. नखांत निळ्या रंगाचे कपचे अडकलेले. डाव्या अंगठ्याला टेपचा एक तुकडा चिकटला होता.

"ताई," ती म्हणाली. "ताई, तू बघत होतीस ना?"

ताईने कटर मिटून एप्रनच्या खिशात टाकलं आणि ती दाराकडे निघाली. सावकाश, एकेक पाऊल मागे टाकत. धाकटीकडे तिने पाठ केली नाही.