वळीच्या माथ्यावरची भेग

चहा घ्यायला ती पाचच मिनिटं गेली असेल-नसेल. परत येऊन बघते तर एक अनोळखी माणूस तिच्या टेबलावर ओणवा, आणि तिच्याच नकाशावर पेन्सिलीने रेघ ओढतोय.

"हा नकाशा माझा आहे," ती म्हणाली. "आणि पेन्सिलसुद्धा."

"मग ही भेगही तुमचीच," तो जराही न दचकता म्हणाला. "बघा ना... सरळ माथ्यातून गेलीय."

तो समुद्रातल्या वायूच्या विहिरीवरचा भूगर्भतज्ज्ञ. खालून येणारा दगडाचा चुरा तपासायचा. आज किनाऱ्यावरच्या कचेरीत आला, आणि खोली चुकून इथे शिरला होता. समुद्रतळाखाली थर दाबले गेले की त्यांच्या वळ्या पडतात, आणि उपड्या वाटीसारख्या वळीखाली वायू अडकून राहतो. अशीच एक सुरेख वळी तिने शोधली होती.

"पण दाब वाढतच गेला की वाटीला तडा जातो," तो म्हणाला. "मग वायू कशाला थांबेल?"

"काही जण थांबतात," ती बोलून गेली... आणि कानापर्यंत लाल झाली.

तो थांबला. नंतरही किनाऱ्यावर आला की चहाला हजर. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही.

रेघ मात्र तिने खोडली होती. तिच्या साहेबांना अखंड वळी आवडली होती, आणि अहवालावर पहिल्यांदाच तिचं नाव येणार होतं.

तिथे खोदलेली विहीर कोरडी निघाली, वायूचा पत्ताच नाही. नुसतं खारं पाणी. बैठकीत साहेबांनी खापर त्याच्यावर फोडलं — "यांना थर ओळखता आला नाही, खोदकाम लवकर थांबवलं." त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं. ती वही चाळत राहिली. तोही गप्प बसला.

त्या दुपारी तिला डबा उघडवेना. आईने फोनवर नुसतं "आवाज असा का गं?" विचारलं, आणि तिला रडू फुटलं. त्याने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

सकाळी तिने सगळ्यांदेखत साहेबांना सांगितलं, "भेग त्यांनी मला आधीच दाखवली होती. मीच खोडली. काल गप्प बसले, तेही माझंच चुकलं." पुढच्या विहिरीचं काम तिच्याकडून काढून घेतलं गेलं. तिने मान खाली घालून ऐकलं, आणि तशीच धक्क्यावर धावली. त्याची बोट सुटायची होती.

"काल का नाही बोललास?"

"तू बोलशील असं वाटलं."

तिला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. "आज बोलले... उशिरा. अजून एक सांगायचं होतं, पण आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"आहे त्याच."

"तू मला आवडतोस," ती चपलांकडे बघत म्हणाली.

त्याने खांद्यावरची बॅग खाली ठेवली. "मला राग आलाय."

"खूप?"

"तीन आठवडे पुरेल. म्हणजे... परत येईपर्यंत."

"आणि मग?"

"मग घ्यायला ये. घरी सांगून ठेवतो, जेवायला दोघं येतोय म्हणून." तो खाली वाकला. "आता तरी बघ माझ्याकडे."

तिने बघितलं.