चौथ्या गाण्यातली हाक

त्या वर्षी भिवंडीत लोडशेडिंगचा कहर होता, आणि खरं तर त्याच्यामुळेच 'धोटा' या, मागावरच्या धोट्याचं नाव घेतलेल्या, बँडचा पहिला अल्बम होऊ शकला. लाईट असली की चहूकडे लूमची खडखड, आणि लाईट गेली की सगळं गाव एकदम मुकं. त्या मुक्या दुपारांत मनालीने आठ गाणी रेकॉर्ड केली होती. जागा जवळच्या अंजूर गावातली, बँडची गायिका पूर्वी हिच्या वडिलांचं भाडेकरूविना पडून असलेलं गोडाऊन. लॅपटॉप स्वतःच्या बॅटरीवर चालायचा, गिटारचा अँप्लिफायर ट्रकच्या बॅटरीवर.

बँडमध्ये दोघंच. पूर्वी गायची आणि गिटार वाजवायची. दिनेश ड्रमवर. तो अंबाडीच्या पुढच्या एका पाड्यावरचा, मानकोलीला माल चढवण्या-उतरवण्याच्या ड्युटीवर होता. मनाली कम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होती. तिला आवाजाचा नाद होता आणि पूर्वी ही तिची कॉलेजपासूनची मैत्रीण. सीडीच्या कव्हरवर दोघांची नावं छापली आणि खाली 'गाणी कशी वाटली, जरूर कळवा' असं लिहून एक मोबाईल नंबर दिला. नंबर मनालीचा होता. स्वतःचं नाव मात्र तिने टाकू दिलं नव्हतं.

लोक कळवू लागले. कुणी म्हणालं, पोरगी गात नाही, भांडते. कुणी म्हणालं, ड्रमवाला डबे बडवतोय. एका म्हाताऱ्या मास्तरांनी फोन करून, तानपुरा लावून सूर धरायला शिका, असं प्रेमाने सांगितलं. बऱ्याच जणांना मात्र तो कच्चेपणाच आवडला होता. पूर्वीचा सूर मधेच सरकायचा, ओळ संपायच्या आत श्वास संपायचा आणि ती घाईने पुढचा घ्यायची. ते सगळं मनालीने जसंच्या तसं ठेवलं होतं.

कल्याणच्या एका कॉलेजच्या पोराने सांगितलं, "चौथ्या गाण्यात गिटार थांबते आणि ती ओरडते ना, तिथे अंगावर काटा आला."

चौथं गाणं 'बत्ती'. अल्बममधलं सगळ्यात हळू. त्यात पूर्वी कुठेच ओरडत नव्हती. पोरगा गाण्यांत गल्लत करतोय असं समजून मनालीने त्याचे आभार मानले.

मग शांतीनगरच्या एका लूमच्या मुकादमाचा फोन आला. "गाने अच्छे हैं, बहन. लेकिन वो चौथावाला मैंने बंद कर दिया. घर में छोटे बच्चे हैं, वो चीख सुनके रोते हैं."

त्या दिवशी मनालीने दुकानात मूळ फाईल उघडली. हेडफोन लावला, आवाज पूर्ण वाढवला. गिटार थांबत होती, थोडी शांतता होती, गिटार पुन्हा सुरू होत होती. स्क्रीनवर त्या शांततेच्या जागी रेघ सपाट होती. मनालीचा स्क्रीनवर विश्वास होता. कान फसतात, रेघ फसत नाही.

पुढच्या आठवड्यात वाड्याहून एका मुलीने फोन केला. खूप लाजत बोलत होती.

"एक विचारू? मनाली कोण?"

"का?"

"चौथ्या गाण्यात ती हाक मारते ना. 'मनाली, शटर उचल.' आणि मग ओरडते. मी कितीदा ऐकलं. खऱ्या गोष्टीवर आहे का ते गाणं?"

मनालीने काहीतरी उत्तर दिलं आणि फोन ठेवला. दुकानात मालक होते, दोन गिऱ्हाइकं होती, बाहेर रिक्षांचे हॉर्न वाजत होते. तरीही तिने उठून दुकानाचं शटर पुरतं वर आहे ना ते पाहिलं.

तिने दोघांना सांगितलं. दिनेश लगेच म्हणाला, "सीड्या परत आणू. जेवढ्या गावतील तेवढ्या."

पूर्वी हसली. "लोकांना तेच आवडतंय, आणि तुला ते परत आणायचंय?" तिलाही सीडीत काही ऐकू येत नव्हतं. ती त्याला अफवा म्हणायची, एकाने सांगितलं की दुसऱ्याला ऐकू येतं म्हणायची. पण कॉलेजच्या एका कार्यक्रमात 'बत्ती' गाऊन ती खाली उतरली तेव्हा पुढच्या रांगेतला एक मुलगा सरळ म्हणाला, "सीडीत आहे तसं नाही झालं." दुसऱ्यांनी माना हलवल्या. ते तिला लागलं.

"आपण ते रेकॉर्ड करू," घरी जाताना ती म्हणाली. "लोक जे ऐकतायत ते आपल्या सीडीत नाही, ही आपली चूक आहे."

मनाली नको म्हणाली. पुष्कळ वेळा म्हणाली. शेवटी पूर्वीने, मी एकटी जाऊन करते, असं सांगितलं तेव्हा ती तयार झाली. दिनेशने यायचं टाळलं.

भर दुपारी दोघी अंजूरला गेल्या. गोडाऊनच्या मागच्या शेडमध्ये त्या दिवशी जनरेटर लावून लूम चालवले होते, त्यामुळे शटर खाली ओढावंच लागणार होतं. लॅपटॉपच्या पंख्याची घरघर नको म्हणून मनालीने तो बाहेर ओट्यावर ठेवला आणि माईकची वायर शटरखालून आत नेली.

"काय वाटेल ते ओरड," ती म्हणाली. "पण माझं नाव घेऊ नकोस."

"बरं," पूर्वी म्हणाली, आणि आत गेली. मनालीने शटर खाली ओढलं.

हेडफोनमध्ये पूर्वीचं खाकरणं आलं. मग गिटार. मग गाणं, नेहमीसारखं, कडेकडेने सूर सोडणारं. समोर रस्त्यावरून एक टेम्पो गेला. पलीकडच्या शेतात बगळे होते.

गिटार थांबली.

"मनाली."

आवाज मोठा नव्हता. शेजारच्या खोलीतून हाक मारावी तसा होता.

"मनाली, शटर उचल."

मनालीची नजर स्क्रीनवर होती. रेघ सपाट होती.

मग ती ओरडली.

मनालीने दोन्ही हातांनी शटर वर ढकललं. ते सहज गेलं, कुठेही अडकलं नाही. ऊन आत पडलं. पूर्वी माईकसमोर उभी होती, गिटार गळ्यात.

"का उचललंस?" ती म्हणाली. "मी अजून ओरडलेच नाही."

वरचा पत्रा तापून आत भट्टी झाली होती. पूर्वीच्या कपाळावर घामाचा थेंब नव्हता.

मनालीने हेडफोन गळ्यात ओढला होता. त्यातून बारीक आवाज येत होता. कुणीतरी आतून शटरवर तळहात आपटत होतं.

शटर तर वर होतं.

तिने वायर उपटली. 

त्यानंतर पूर्वी फार चांगलं गाऊ लागली. नव्या दोन गाण्यांची सीडी निघाली, तिच्यावर लोकांचे फोन आले. पोरगी तयार झाली, आता सूर हलत नाही, कुणाकडे शिकते, असं विचारू लागले. म्हाताऱ्या मास्तरांनी आशीर्वाद दिला. जुन्या सीडीचं विचारलं की मात्र सगळे सांगायचे, ती ओरड तशीच आहे.

दिनेशने एके दिवशी मनालीला दुकानाबाहेर बोलावलं. "पयलं तिच्या श्वासावरून मला समजायचं, ठोका कुठं टाकायचा. आता समजत न्हाय. मी येनार न्हाय आता." तो मानकोलीची ड्युटी सोडून पाड्यावर निघून गेला.

मनालीने नवं रेकॉर्डिंग उघडलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पूर्वीने एकदाही श्वास घेतला नव्हता.

त्याच आठवड्यात पूर्वीच्या आईचा, राहीबाईंचा, निरोप आला. दुपारी ये, एकटी ये.

राहीबाई पुढच्या खोलीत सीडी प्लेअरजवळ खाली बसल्या होत्या. स्वयंपाकघरातून भांड्यांचा आवाज येत होता. राहीबाईंनी मनालीला हाताने जवळ बसवलं. चौथं गाणं चालू होतं, अगदी बारीक. गिटार थांबली तेव्हा त्यांनी स्पीकरवर तळहात ठेवला, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा.

मनालीला शांतता ऐकू आली.

"मनाली आलीय का?" आतून पूर्वीने विचारलं. "चहात साखर किती घालू तिच्या?"

कॉलेजपासून मनालीचा चहा पूर्वीच करत आली होती.

राहीबाईंनी दाराकडे पाहिलं. मग अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "तिला रोज जेवाला वाढते मी. दारात आलेल्याला उपाशी कसं ठेवू?"

स्पीकरवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"पन माजी पूर्वी घरी कवा येल गो?"