लवंगीची शपथ

रात्रीचे सव्वादोन. बुधवार संपून गुरुवार लागला होता, तारीख २३ जानेवारी २०२५. धनज गावापासून दीड किलोमीटरवर, नाल्याला लागून साडेतीन एकर हरभऱ्याचं वावर. आभाळ स्वच्छ, वारा नाही, अर्धा चंद्र नुकताच वर आलेला.

पोरांनो, तारीख-वार एवढ्यासाठी सांगतो की उद्या कुणी म्हणायला नको, म्हाताऱ्यानं शेकोटीपाशी बसून थापा मारल्या. ज्याच्यावर हे गुदरलं तो उकंडराव माझ्या ओळखीचा. त्याला विचाराल तर तो नाही म्हणणार नाही. फक्त मान खाली घालेल.

काम साधं होतं. हरभऱ्याला पाणी द्यायचं. आता हे काम रात्री दोनला कशासाठी, असं विचारा. कारण मोटारीची लाईन रात्री बाराला येते आणि सकाळी आठला जाते. शहरात भरदुपारी दुकानांच्या पाट्या झगमगतात, आणि ज्याच्या पिकाला पाणी हवं त्याला थंडीत साप-विंचवांत उभं करतात. अर्ज झाले, मोर्चे झाले. उत्तर एकच, ‘विचाराधीन आहे’. आमची अर्धी हयात त्या एका शब्दात गेली. जाऊ द्या. त्यात शिरलो तर गोष्ट राहील.

उकंडरावची एक कुत्री होती, लवंगी. एवढीशी होती तेव्हा फटाक्यासारखी तडतडायची म्हणून प्रयागबाईनं, म्हणजे त्याच्या बायकोनं, ते नाव ठेवलं. लेकरूबाळ नव्हतं घरात. लवंगीच सगळं होती. उकंडराव कामरगावच्या बाजाराला निघाला की ही आधी उडी मारून मोटारसायकलच्या टाकीवर बसायची, पुढचे पाय हँडलवर, कान मागं पडलेले. रस्त्यानं लोक म्हणायचे, गाडी कुत्री चालवून राह्यली अन् उकंडराव मागं बसला हाय. एका लग्नात ती थेट स्टेजवर चढली आणि नवरदेवाशेजारी सोफ्यावर पाय पसरून बसली. फोटोवाल्यानं हाकललं तर त्याच्यावरच गुरगुरली. अल्बमात तो फोटो आहे. रोह्यांचा, म्हणजे नीलगाईंचा, कळप दिसला की एकटी धावून जायची आणि धापा टाकत परत येऊन प्रयागबाईच्या मांडीवर डोकं टाकायची, जणू मुलूख जिंकून आली. पण चावली कुणालाच नाही. तिच्या जन्मात एकालाही नाही.

यंदा डुकरांनी उच्छाद मांडला. एका रात्रीत दहा-दहा तास, म्हणजे पिकाच्या ओळी, उलथून टाकायचे. शेजारच्या शिवारात काहींनी तार लावली होती. नुसता चटका देणाऱ्या झटक्याच्या मशीनची नाही, सरळ मोटारीच्या पेटीतून करंट सोडलेली. प्रयागबाईला कुणकुण लागली. तिनं नवऱ्याला अंगणात उभं केलं, लवंगीला पुढं ओढलं आणि सांगितलं, “हिच्या डोक्शावर हात ठेवा. म्हना, तार लावनार नाई.”

त्यानं हात ठेवला. शपथ घेतली. आठ दिवसांनी नाल्याच्या बाजूनं तार ओढली.

बारा तारखेच्या रात्री लवंगी डुकरामागं धावली, थेट तारेवर...

त्यानं रात्रीच खड्डा केला, बांधावरच्या पळसाखाली. वर दगड रचले, हात धुतले आणि घरी येऊन सांगितलं, बिबट्यानं नेली. प्रयागबाईनं विचारलं, “रगत कुठी हाय मंग?” तिनं पोहरादेवीला नारळ कबूल केलं. कामरगावपर्यंत पायी शोधून आली. रोज रात्री दाराशी भाकर ठेवायची. उकंडराव ती भाकर ओलांडून आत जायचा. इतकंच नाही, तार त्यानं काढली नाही. काढताना कुणी पाहिलं, विचारलं, तर? म्हणून राहू दिली. माणूस एक खोटं झाकायला किती नालायक होतो, ते बघा.

तर सव्वादोन वाजले होते. तो वावराच्या वरच्या अंगाला, विहिरीजवळ पाण्याची बारी बदलून पाणी पुढच्या ओळीत वळवत होता. मोटार घुमत होती. सहज खाली नजर गेली आणि नाल्याकडं उजेड दिसला. बॅटरीचा. हलत हलत येणारा.

चांदण्यात चाल ओळखू आली, प्रयागबाई होती. आडवाटेनं, नाला ओलांडून.

उजेड तारेच्या दिशेनं येत होता. त्यानं हाक मारली. मोटारीच्या आवाजात ती विरली. पुन्हा ओरडायचं होतं. “तिकडं तार हाय”, तीनच शब्द. पण ते बोलले की अकरा दिवसांचं खोटं उघडं पडणार होतं. तोंड उघडलं.

शब्द आला नाही.

एक श्वास. फार तर दोन. उकंडराव मला म्हणाला, “भाऊ, तेवढ्या टायमात मी कोन हाय ते मले समजलं.”

मग कुत्रं भुंकलं.

पळसाच्या अंगानं.

आपल्या मोटारसायकलचा आवाज माणूस शंभरात ओळखतो. तसा त्यानं तो ओळखला. पाय चिखलात.

पुन्हा भुंकलं. खालून. तारेजवळून.

बॅटरी खाली पडली. उजेड हरभऱ्यात लोळला. किंचाळी आली... एकच.

तो पेटीकडं धावला. मेन स्विच खाली ओढला. मोटार बसली. वावर गप्प झालं.

आणि त्या शांततेत... गुरगुर. खालची, दाबलेली. दातांत काहीतरी घट्ट धरल्यावर येते तशी.

तो पळत खाली आला. गुरगुर थांबली.

प्रयागबाई खाली बसली होती. तार यायला चार पावलं बाकी होती. पोटरीतून रक्त वाहत होतं. आणि ती हसत होती.

“अवो, लवंगी जित्ती हाय. घरामागं भुकत होती, मी आवाजानं आली. अन् इथं आली तं पाय धरला ना तिनं. सोडेच ना. आत्ता गेली पाहा. हाका मारा तिले.”

त्यानं वाकून तिची पोटरी पाहिली.

“मारा ना हाका.”

त्यानं पडलेली बॅटरी उचलली. उजेड पुढं टाकला. तार चमकली.

प्रयागबाईनं ती पाहिली. मग त्याच्याकडं पाहिलं.

“बिबट्या नव्हता,” तो म्हणाला. “म्या...”

त्यानं बॅटरीचा उजेड पळसाखालच्या दगडांवर धरला. ती उठली. लंगडत पळसापाशी गेली आणि उजाडेपर्यंत त्या दगडांजवळ बसून राहिली. तो पाच हातांवर उभा. जवळ जायची हिंमत झाली नाही. तिनं बस म्हटलं नाही.

उजेड झाल्यावर ती म्हणाली, “उकरा.”

दगड रचले तसेच होते. माती हललेली नव्हती. खाली लवंगी होती. मरून अकरा दिवस झालेली.

त्याच सकाळी तो तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. नर्स विजयमालाबाईंनी जखम धुतली. म्हणाल्या, चावा खोल आहे, रात्रीचाच आहे, सुया घ्याव्या लागतील. मग रजिस्टर पुढं ओढून विचारू लागल्या. कुत्रं मोकाट की पाळीव? प्रयागबाई म्हणाली, आमचंच. नर्सबाई म्हणाल्या, मग दहा दिवस त्याच्यावर लक्ष ठेवा, मेलं तर लगेच सांगा.

“आज जिवंत हाय नं?” नर्सबाईंनी विचारलं.

प्रयागबाईनं पोटरीवर लुगडं ओढलं आणि सुईसाठी दंड पुढं केला.

सगळ्या सुया झाल्या. जखम भरली, चार दातांचे व्रण तेवढे पोटरीवर राहिले. त्या रजिस्टरात प्रयागबाईच्या नावापुढं रकाना आहे, ‘कुत्रे जिवंत / मृत’. मी स्वतः जाऊन पाहिला. तो अजून कोरा आहे.