चौदा नंबरचा गोल

दार लोटून घ्या, आणि मध्ये कुणी बोलायचं नाही. हे माझ्या धाकट्या दिरांच्या बाबतीत घडलेलं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी उंबऱ्यात बसून त्यांनी मला सांगितलं, तेव्हा हातातला चहा निवून गेला होता.

भावजी इथल्याच एका छोट्या पेपरात खेळाचं पान करायचे. सव्वीस वर्षं. शाळेच्या शर्यतीत तिसरा कोण आला, तेही तोंडपाठ. मी म्हणायची, "भावजी, स्वतःच्या लग्नाची तारीख विसरता आणि दुसऱ्याच्या पोराचा गोल बरा आठवतो!"

"वहिनी, लग्न एकदाच झालं. गोल रोज होतात."

त्या वर्षी मात्र हसणं आटलं होतं. जाऊ अंथरुणाला खिळलेली, तिचं औषधपाणी याच नोकरीवर. आणि नवा संपादक टपून बसलेला. मंगळवार होता, बावीस तारीख. फुटबॉलचा अंतिम सामना. संपादक म्हणाला, "पावणेदहाला पान छपाईला जातं. निकाल आला नाही, तर त्या जागी जाहिरात. आणि उद्यापासून तुम्ही घरी."

सामना साडेसातला सुरू व्हायचा, तो पावणेआठला झाला. एक-एक अशी बरोबरी. नऊ वाजून वीस मिनिटांनी मैदानावरचे दिवे गेले. शेवटची पाच मिनिटं बाकी.

साडेनऊ झाले. काळोख. नऊ चाळीस. काळोखच. मग भावजींनी आयुष्यात केलं नव्हतं ते केलं. न झालेला सामना लिहून टाकला. पांढऱ्या संघाची दोन-एक अशी सरशी, शेवटच्या मिनिटाला गोल.

पण गोल केला कुणी? जित्या पोराचं नाव घालावं, तर सकाळी तोच दारात उभा राहील. म्हणून त्यांनी चौदा नंबरचं नाव घातलं. ते नाव मी या वेळी घेणार नाही. पांढऱ्या संघातला राखीव पोरगा. दोन वर्षांपूर्वी मैदानावरून घरी जाताना ट्रकखाली गेला. जिवंत होता तेव्हा दर सामन्यानंतर फाटकाशी थांबायचा. "काका, उद्या येईल ना माझं नाव?" भावजी लिहायचे हो. पण राखीव पोरांची नावं बातमीच्या तळाला, आणि जागा कमी पडली की पेपरवाले बातमी तळातूनच कापतात. पोरगा गेला, पण नाव कधी छापून आलं नाही.

मेलेला काही जाब विचारायला येत नाही, असं भावजींना वाटलं. चूक झाली म्हणून परवा छापू. नऊ त्रेचाळीसला मैदानावरूनच फोनवरून बातमी पाठवली.

तीन मिनिटांत दिवे आले.

सामना पुन्हा सुरू झाला. चार मिनिटं काहीच नाही. भावजी देवाचा धावा करत होते... एक गोल. कुणीही करा, पण पांढऱ्यांनी करा.

शेवटचं मिनिट. चेंडू जाळ्यात.

पंचांनी शिट्टी मारली. पण ओरडलं कुणीच नाही. पांढऱ्या संघातली पोरं एकमेकांकडे बघत राहिली.

"तू मारलास?"

"मी तर मागे होतो. तू?"

"नाही रे..."

समोरचा गोलरक्षक खाली बसला होता. रडत होता. म्हणाला, "चौदा नंबर होता."

त्या दिवशी चौदा नंबर कुणीच घातला नव्हता.

भावजी धावतच कचेरीत गेले. साडेदहा झाले होते. खाली छपाईचं यंत्र धडधडत होतं. पानं लावणारा जिन्यातच भेटला. "वाचलात हो! निकाल अगदी बरोबर. संपादक खूश आहेत."

भावजींनी त्याच्या हातातलं पान ओढून घेतलं. दोन-एक. शेवटच्या मिनिटाला गोल. आणि पुढे... पुढे काहीच नाही.

"नाव कुठाय?"

"जागा नव्हती. तळातल्या दोन ओळी कापल्या, नेहमीसारख्या."

भावजी वर गेले. खोलीत कुणी नव्हतं. दिवा लावला.

मैदानावर रेषा मारायची पांढरी फक्की असते ना... तिचे ठसे. खिळ्यांच्या बुटांचे. दारापासून निघालेले. एकेक पाऊल. थेट भावजींच्या खुर्चीपर्यंत.

परत जाणारं एकही नव्हतं.