चोरपावलांचा आवाज

"सीलसुद्धा तुटलेलं नाही! बाराच्या बारा!" दवाखान्यामागच्या कचऱ्याच्या खड्ड्यातून लंबू ओरडला.

"गप रे! ऐकेल कुणीतरी!" ठमीनं त्याला दटावलं.

ठमी आणि तिची चुलत भावंडं, लंबू नि टिल्ली, सुट्टीला आत्याकडे आली होती. पण घरात हसायची सोय नव्हती. आत्या या दवाखान्यात आया होती. फ्रिजमधल्या लशीच्या बारा बाटल्या नाहीशा झाल्या आणि चोरीचा आळ घेऊन तिला घरी बसवलं. चार दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडून होती. म्हणून तिघं दवाखान्याच्या आवारात त्या बाटल्या शोधत होती.

"चोर भरलेल्या बाटल्या फेकून कशाला देईल?" टिल्लीनं विचारलं.

लंबूनं आत्याला दवाखान्याकडून आलेलं पत्र उघडलं. "पण पहारेकऱ्यानं लिहून दिलंय, 'मी पाठमोरा बसलो होतो. आया चोरपावलांनी औषधांच्या खोलीत गेल्याचं ऐकलं.' चोरपावलं म्हणजे चोरीच की!"

"काहीतरीच काय! आवाज न करता टाकलेली पावलं म्हणजे चोरपावलं. बाळाला निजवून आई नाही का तशी बाहेर येत?" बोलता बोलता ठमी थबकली. "अरे! आवाजच होत नाही, तर पहारेकऱ्यानं ऐकलं कसं?"

तिघं बाटल्या घेऊन थेट डॉक्टरबाईंकडे गेली. बाईंनी पहारेकऱ्याला स्टुलावर पाठमोरं बसवलं.

"काका, टिल्ली औषधांच्या खोलीत गेली की सांगा हं!" ठमी म्हणाली.

थोड्या वेळानं तो वैतागला. "अगं, निघू दे तर तिला!"

"तीनदा जाऊन आले मी!" टिल्ली अनवाणी उभी होती.

पहारेकरी स्टुलावरून उठला. "बाई, मी काही ऐकलं नाही. कंपाउंडरनं सांगितलं तसं लिहून दिलं."

मग कंपाउंडरनंही कबूल केलं. मोबाइल चार्ज करायला त्यानं फ्रिजचा प्लग काढला होता. तो परत लावायचा विसरला, लस खराब झाली आणि नोकरीच्या भीतीनं त्यानं ती खड्ड्यात टाकली.

डॉक्टरबाई स्वतः आत्याकडे आल्या. "पोरं मोठी हुशार हो तुमची! आम्हा मोठ्यांना जे सुचलं नाही, ते यांनी शोधलं. उद्यापासून कामावर या."

आत्या उठून बसली. तिनं तिघांना जवळ ओढलं.

"अकरा वर्षं काम करतेय मी तिथे," ती हळूच म्हणाली. "पण 'तू नेल्यास का गं बाटल्या?' एवढंसुद्धा कुणी येऊन विचारलं नाही. तुम्हीसुद्धा नाही, बाई."

डॉक्टरबाईंनी मान खाली घातली. मिळालेल्या शाबासकीचा ठमीला आनंदच झाला नाही. तिनं आत्याचा हात घट्ट धरून ठेवला.