मालकीचा कार्बन

चंद्रपूरच्या प्रयोगशाळेत फोन ठेवून डॉ. कुंदा मडावी तडक उठली. गावाकडे तिच्या सोनाआत्याला पकडलं होतं. गुन्हा काय, तर रानातून सरपण आणलं!

वीजकेंद्राच्या भट्टीत दुर्मीळ कार्बन मिसळून धुरावर 'अणुखूण' उमटवायची युक्ती कुंदाचीच. धूर सोडणाऱ्याला पकडायला तिने ती शोधली होती. मग कायदा आला : आपल्या धुरातला जितका कार्बन झाडांत मुरेल, तितके उत्सर्जन-परवाने वीजकंपनीला परत. कंपनीने ते विकून टाकले आणि रानाला कुंपण घातलं.

कार्बन लवादापुढे कंपनीचे तज्ज्ञ डॉ. राजवाडे शांतपणे म्हणाले, "झाडातला कार्बन आमचा. तो जाळणं म्हणजे आमचा साठा फोडणं."

"मग हिने भात कशावर शिजवायचा?" शेजारी बसलेल्या सोनाआत्याकडे बोट दाखवताना कुंदाचा आवाज चढला. "त्या भातातही तुमची खूण आहे. हिच्या हाडामांसातही आहे. तोही साठा तुमचाच का?"

राजवाडेंचे डोळे चमकले. "अर्थातच! जिल्ह्यातल्या प्रत्येक शरीरामागे आम्हाला परवाने मिळावेत."

"माझं आंग याचं?" सोनाआत्या उसळली. "माझ्या मायनं मले याच्यासाठी वाढवलं का?"

कुंदाने तिचा हात दाबला. अध्यक्षांनी नियम तपासले. दावा नियमात बसत होता. त्यांनी तो नाइलाजाने मंजूर केला.

कुंदाने खूणमापक यंत्र आत्याच्या तोंडाशी धरलं. "आत्या, श्वास सोड."

पडद्यावरचा आकडा चढला.

"साठा गळला तर ते मालकाचं उत्सर्जन. कायदा तुमचाच आहे," कुंदा म्हणाली. "आत्ता सगळा जिल्हा श्वास सोडतोय. रोज सोडणार. तेवढे परवाने आहेत तुमच्याकडे? नसतील तर भट्टी बंद करा."

"ही आमच्या कार्बनची चोरी आहे!"

"श्वास सोडणं चोरी?" अध्यक्षांनी विचारलं.

राजवाडे घाईने म्हणाले, "आम्ही दावा मागे घेतो. शरीरातला कार्बन आमचा नाही."

"खूण तर एकच आहे. शरीरातला तुमचा नसेल तर रानातल्या सागातलाही नाही. मग रानावर विकलेले परवाने परत घ्या विकत. तोवरही भट्टी बंदच."

अध्यक्षांनी पेन उचललं. "सांगा डॉ. राजवाडे, कार्बन तुमचा आहे की नाही?"

सोनाआत्या उठली, राजवाडेंसमोर जाऊन उभी राहिली आणि छातीभर श्वास घेऊन त्यांच्या तोंडावर सोडला.

"घे. मोज आता."